तबूकची उम्म सामी आणि आमचं बंद घर

विमान तबूकवर घिरट्या घालायला लागलं तेव्हा मी शेजारच्या मल्याळी गृहस्थांच्या अंगावरून जवळजवळ आडवी होऊन खिडकीतून खाली बघत होते. जेद्द्याहून निघाल्यापासून नुसती तपकिरी जमीन आणि उघडेबोडके डोंगर. आणि एकाएकी खाली हिरवेगार गोल दिसायला लागले, एकाला एक लागून, कुणी तव्याएवढ्या भाकऱ्या थापून ओळीने मांडून ठेवाव्यात तसे. "गव्हाची शेतं," ते गृहस्थ आपला खांदा सोडवून घेत हिंदीत म्हणाले, "पाण्याचा पाइप गोल फिरतो, म्हणून शेतही गोल." जन्मभर मी चौथीच्या पोरांना भूगोल शिकवला, पण शेत गोल असतं हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर का होईना, शिकायला मिळालं.

जेद्द्याच्या कस्टमवाल्याने मात्र मला चांगलंच दमवलं होतं. लेकीकडे जाताना कोकणातली बाई रिकाम्या हाताने जात नाही, त्यामुळे बॅगेत सुकट, बोंबील, आंबापोळी आणि आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली. बाटलीचं बूच वाटेत सुटलं होतं. त्या पोरसवदा शिपायाने बॅग उघडली तर जावयासाठी नेलेले पांढरे शर्ट लालभडक! तो दोन पावलं मागे सरला. कुराण वाचते म्हणजे मला अरबी येतं असा माझा गोड समज होता, पण त्या भाषेत कोकमाला काय म्हणावं हे काही आठवेना. शेवटी मी बोट बुडवून चाटून दाखवलं, त्यानेही धीर करून बोटाने चाखलं, आणि डोळे मिचकावत "यल्ला, यल्ला" म्हणून मला हाकललं.

तबूकच्या विमानतळावर माझी लेक सबा, जावई हनीफ आणि नात झोया उभे होते. झोया माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "नानी, यू स्मेल लाइक फिश!" इतक्या वर्षांनी भेटलेल्या नातीचं हे पहिलं वाक्य. मी मराठीत बोलावं, तिने इंग्रजीत उत्तर द्यावं आणि अडलं की दोघींनी हिंदीवर यावं, असा आमचा संसार पुढे तीन महिने सुखाने चालला.

तबूक हे वाळवंटातलं गाव म्हणून मी सुती साड्या घेऊन गेले होते. तिथे सकाळी तोंडातून वाफ निघायची. हनीफने दुसऱ्याच दिवशी मला लोकरी कोट आणून दिला. तो घालून मी अस्वलासारखी दिसत होते, तरी कोट काही शेवटपर्यंत अंगावरून उतरला नाही. हनीफ त्या गोल शेतांच्याच एका कंपनीत सुट्या भागांचं गोदाम सांभाळायचा. म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावातून अर्धे पुरुष अशाच नोकऱ्यांसाठी इकडे आले. पैसे साठले की गावाला घर बांधायचं, कुलूप लावायचं आणि परत यायचं, ही आमची रीत. सबा-हनीफचंही घर तसंच, पुढे पडवी, मागे सुपारीची वाडी, आणि दारावर पितळेचं मोठं कुलूप.

त्या दिवसांत जिथे जावं तिथे एकच शब्द कानावर यायचा, सौदायझेशन. नोकऱ्या आधी तिथल्या पोरांना. त्यात चुकीचं काय, आपल्याकडेही तेच म्हणतात. कंपनीत सौदी माणसं कमी असली की ती लाल यादीत जाते आणि बाहेरच्यांचे इकामे (राहण्याचे परवाने) पुढे सरकत नाहीत. भाजी घ्यायला गेलो की कुणीतरी विचारायचं, "तुमचं काय झालं?" आणि हनीफ आभाळाकडे बोट दाखवायचा.

मी पोचल्याच्या दुसऱ्या दुपारी दारावर थाप पडली. दारात मोठं ताट हातावर तोलत एक गोरीपान, ठेंगणी बाई. खालच्या मजल्यावरची उम्म सामी, म्हणजे सामीची आई. थोरल्या मुलाच्या नावाने बाईला हाक मारायची तिकडची पद्धत. मूळची पॅलेस्टाइनची, गाझाच्या टोकाला रफाह आहे तिथली. लग्न होऊन तबूकला आली आणि वर्षानुवर्षं हिंदी-पाकिस्तानी शेजाऱ्यांत राहून तिने आपली अशी एक हिंदी बनवली होती, ज्यात क्रियापदाला काही काम नव्हतं.

"अम्मी, ये मक्लूबा. मेरा माँ का खाना. तुम पूरा खाओ, छोड़ना नहीं."

मक्लूबा म्हणजे पातेल्यात तळाला वांगी, वर मटण, वर भात, आणि शिजलं की पातेलंच ताटात उपडं करायचं. आम्ही असलं काही केलं असतं तर 'सांडलं' म्हटलं असतं. पण चव अशी की मी सबाकडे न बघता तिसऱ्यांदा वाढून घेतलं. उम्म सामी माझ्याकडे बघत बसली होती, सुगरणीने बसावं तशी.

मग मी आपल्याकडची कुठलीही बाई विचारते ते विचारलं. माहेर कुठलं? माहेरी कोण कोण? हिंदीत 'मायका' म्हटलेलं तिला कळेना, तेव्हा सबाने अरबीत समजावलं. उम्म सामी म्हणाली, रफाहला सरहद्दीजवळ घर होतं, मागे वडिलांची पेरूची झाडं. आता भाऊ दुसरीकडे खोलीत राहतात. ती हे अगदी सहज म्हणाली, त्यामुळे मीही सहज पुढच्या विषयावर गेले. तिचा नवरा, अबू सामी, हनीफच्याच कंपनीत, त्याच गोदामात. त्यांचीही नोकरी टांगणीला लागलेली. तिचा चेहरा उतरलेला दिसला आणि मला राहवलं नाही. मी तिचा हात हातात घेतला आणि आमच्या गावात अशा वेळी जे सगळे म्हणतात तेच म्हटलं, "नोकरी गेली तर गेली गो. खुरूज (कायमचं परत जाण्याचा शिक्का) घ्यायचा आणि सरळ गावाला जायचं. आपलं घर कुठे जातंय?"

सबाने ते भाषांतर करून सांगितलंच नाही. पण माझ्या हातवाऱ्यांवरून आणि 'खुरूज' या एका शब्दावरून उम्म सामीला सगळं कळलं. ती "इन्शाअल्लाह" म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक मटणाचा तुकडा घातला.

ती गेल्यावर सबा माझ्यावर उखडली. "अम्मी, काय बोललीस गो तू! कुठल्या गावाला जाणार ती?"

मग एकेक गोष्ट कळली. तिच्या आजोबांचं गाव वेगळंच होतं, समुद्राजवळचं, इस्रायल झालं तेव्हाच्या पहिल्या लढाईत सगळ्यांना तिथून निघावं लागलं आणि ते गावच आता नाही. रफाहला आले ते निर्वासित म्हणून. तिथे घर उभं केलं, तर इस्रायली लष्कराला सरहद्दीलगत मोकळा पट्टा हवा होता. एके दिवशी बुलडोझर आला. ओळीतली घरं पाडली, झाडं पाडली. तिच्या आईला भांडी काढायला तेवढा वेळ मिळाला. उम्म सामी तेव्हा लग्न होऊन तबूकला होती. तिच्याकडे आणि नवऱ्याकडे पासपोर्ट नाहीच, इजिप्तने दिलेला प्रवासाचा कागद आहे, पण त्या कागदावर इजिप्तमध्येही राहता येत नाही. गाझाची वाट बहुतेक वेळ बंद. आणि इकामा संपला तर इथेही राहता येत नाही.

"मग ती जाणार कुठे?" मी विचारलं.

"तेच तर," सबा म्हणाली आणि ताट विसळायला गेली.

मी जन्मभर पोरांना नकाशावर देश दाखवले. देश नसलेली बाई खालच्या मजल्यावर राहते आणि मला मटण वाढते, हे मात्र मला त्या दिवशी कळलं. फार वाईट वाटलं, आणि स्वतःच्या तोंडाचा रागही आला.

पुढच्या शुक्रवारी दोन्ही घरं मिळून हक्लला निघालो. हक्ल हे तांबड्या समुद्राच्या वरच्या टोकाला, अकाबाच्या खाडीवरचं छोटं गाव. आमची गाडी पुढे, अबू सामीची मागे. वाटेत डोंगर असे की एक लाल, एक काळा, एक अगदी हळदीसारखा. मध्येच पोलिसांची चौकी लागली. आमचे पासपोर्ट आणि इकामे बघून शिपायाने "हिंदी? कोयस (छान)" म्हटलं आणि हात हलवला. मागे पाहिलं तर अबू सामीची गाडी बाजूला घेतलेली. तो उंच, वाकलेला माणूस कागद हातात घेऊन उभा होता, शिपाई कागद उलटसुलट करत होता, मग आत फोन, मग पुन्हा कागद. शिपाई काही वाईट नव्हता. त्याने उम्म सामीला आणि आम्हालाही पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या. फक्त त्या कागदाचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. झोया कंटाळून म्हणाली, "दर वेळी असंच होतं, नानी." हे तिने हिंदीत सांगितलं, म्हणजे मला नक्की कळावं म्हणून.

हक्लचं पाणी मी विसरणार नाही. आपला समुद्र मातकट आणि गडबडीचा, हा निळा आणि गप्प. हनीफने मासळीच्या दुकानातून नाजिल नावाचा लाल, ठिपक्यांचा मासा आणला. मी त्याला आमच्या घरचा मसाला आणि उरलंसुरलं आगळ लावून निखाऱ्यावर भाजला. अबू सामी आंबट चाखून एक डोळा बंद करून बसला आणि मग त्याने पुन्हा ताट पुढे केलं. हनीफ आणि तो दोघे गोदामातल्या साहेबांच्या नकला करत होते. इतके हसत होते की मला वाटलं, यांची नोकरी धोक्यात आहे हे कुणाला खरं वाटेल?

ऊन उतरलं तसं पलीकडचं स्पष्ट दिसायला लागलं. उम्म सामीने मला हाताला धरून पाण्यापाशी नेलं. समोर डोंगर दिसत होते तो इजिप्त. उजवीकडे लांब टोकाला जॉर्डनचं अकाबा. आणि त्या दोहोंच्या मध्ये पांढऱ्या इमारतींचा पुंजका.

"वो इलात," ती म्हणाली. "अभी इसराईल. उसका पीछे, बहुत पीछे, मेरा बाबा का घर."

मी डोळ्यांवर हात धरून बघत राहिले. तिथून गाझा दिसत नाही हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. ती सांगत होती, वडील आजारी पडले तेव्हा तिने अर्ज केले, कैरोपर्यंत जायचा परवाना मागितला, पण वाट उघडलीच नाही. दफन तिने फोनवर पाहिलं. भावाचा हात हलत होता म्हणून नीट दिसलंही नाही. जेद्द्याला जायला जेवढा रस्ता आहे त्यापेक्षा तिचं माहेर जवळ आहे, असं ती दोन-तीनदा म्हणाली. मी तिला जवळ घेतलं.

घरी आल्यावर हनीफने जेवताना मान खाली घालून सांगितलं, "अम्मी, गोदामात बाहेरचा एकच माणूस ठेवायला परवानगी हाय. शेखने (कंपनीच्या मालकाने) मला ठेवायचं ठरवलंय."

"आणि अबू सामी?"

"त्याला दुसरा कफील (ज्याच्या नावावर परवाना निघतो तो मालक) शोधायला सांगितलंय. इकामा संपायच्या आत. त्याने सगळीकडे विचारून झालं. कुणी 'नाय' बोलतं, कुणी 'नंतर ये' बोलतं."

"तिला माहीत आहे हे?"

"मक्लूबा घेऊन आली त्याच्या आदल्या दिवशीच कळलं होतं तिला," सबा म्हणाली.

म्हणजे आपल्या नवऱ्याची नोकरी जिच्या जावयाला मिळाली तिला ती जेवायला वाढत होती, आणि वर मी तिला गावाला जा म्हणून सांगत होते. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

पुढले दिवस घरात नुसती धुमश्चक्री. हनीफच्या मनात आलं होतं की शेखला सांगावं, मला सोडा, याला ठेवा. सबा पेटून उठली. "झोयाची शाळा? तिला मराठी वाचता येतं का? म्हसळ्याला काय करणार तू, सुपाऱ्या मोजणार?" तिचं काही खोटं नव्हतं. हनीफ म्हणायचा, "पुढल्या साली माझाही नंबर लागणारच हाय. मला परत जायला दार तरी हाय." तोही काही साधुसंत नाही. थकला होता, गुडघे दुखत होते, आणि गावची ओढ होती. दोघे भांडून माझ्याकडे बघायचे. सबा म्हणाली, "तू सांग अम्मी. तू तर सगळ्यांना सांगतेस." माझी पोर, तिचा संसार. मी साऱ्या वर्गाच्या चुका काढणारी बाई, पण त्या दिवशी "मला बोंबील भिजत घालू दे," म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले.

शेवटी सबानेच सोडवलं. एका सकाळी ती खाली उम्म सामीकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. आली ती डोळे पुसतच. हनीफचा शर्ट इस्त्री केला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "जा. शेखला सांग. आणि लवकर जा, नायतर माझा विचार बदलेल."

शेख म्हणजे म्हातारा, पांढऱ्या दाढीचा माणूस. हनीफने नंतर सगळं सांगितलं. शेखने त्याला कॉफी पाजली, खजूर दिले आणि विचारलं, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तुझा कागद सोपा आहे म्हणून तुला ठेवला. त्याच्या कागदासाठी मला कचेरीत खेटे घालावे लागतील." हनीफ म्हणाला, "घाला, शेख. मी गावाला बसून तुमच्यासाठी दुवा मागेन." म्हातारा खो खो हसला. मग म्हणाला, एक वर्षाचं बघतो, त्यापुढचं माझ्या हातात नाही. अबू सामीचा इकामा एका वर्षाने पुढे गेला, आणि आमच्या सगळ्यांच्या सामानाची बांधाबांध सुरू झाली.

आता उम्म सामी आनंदाने मिठी मारील असं मला वाटलं होतं. ती आली ती रागाने लाल होऊन. दारातच उभी राहून म्हणाली, "हम भीख माँगा? मैं बोला, तुम जाओ? मैंने सबा को ना बोला!" सबा पुढे होईना, हनीफ मोरीत जाऊन लपला. मग मीच कोट सावरत पुढे झाले आणि माझ्या हिंदीत तिला सांगितलं, ही भीक नव्हे. आमच्या गावाला बंद घराला वाळवी लागते. कुणीतरी जाऊन राहायला हवं, दारं-खिडक्या उघडायला हव्यात, नाहीतर वासे पोखरून जातात. आमची घरं अशीच जातात.

तिने वाळवीचा अर्थ सबाला विचारून घेतला. मग थोडी निवळली आणि चौकटीला टेकून म्हणाली, "हमारा घर को तो कीड़ा लगने का टाइम भी नहीं मिला."

आम्ही तिघी तिथेच उंबऱ्यावर बसलो. तिने मला मिठी मारली ती त्यानंतर, आणि सोडली तेव्हा माझ्या कोटाचा खांदा ओला झाला होता. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा मक्लूबा केला. या वेळी पातेलं उपडं करायचा मान मला दिला. मी ते वाकडं केलं आणि निम्मा भात खरोखरच सांडला.

झोयाची परीक्षा संपली आणि आम्ही सगळे एकाच विमानाने निघालो. वरून पुन्हा ते हिरवे गोल दिसले, पण या वेळी मी सबाला खिडकी दिली. तबूक दिसेनासं होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

गावाला पोचलो तर पितळेचं कुलूप आतून गंजलेलं, किल्ली फिरेना. सुताराला बोलावून कडी तोडावी लागली. आत वाळवीने एका कपाटाची पाठ खाल्लेली. वीज नव्हती, पंपही बसला होता, आणि झोया पडवीत बसून इंग्रजीत रडत होती. सबा माझ्याकडे असं बघत होती की मी मुकाट्याने केरसुणी उचलली.

तेवढ्यात उम्म सामीचा व्हिडिओ कॉल आला. तिला घर बघायचं होतं. सबाने डोळे पुसले आणि फोन फिरवून पडवी दाखवली, सुपाऱ्या दाखवल्या, खाल्लेलं कपाटही दाखवलं. उम्म सामी प्रत्येक गोष्टीला "माशाअल्लाह" म्हणत होती, कपाटालासुद्धा. अंगणापुढच्या वाटेने आमची पारू कोळीण पाटी घेऊन चालली होती. उघडं दार बघून ती थांबली आणि ओरडली, "सबा! कवा आयलीस गो?"

"वो क्या बोला?" उम्म सामीने फोनमधून विचारलं.

मी सांगितलं, ही आमच्याकडची पद्धत. गावात पाऊल टाकलं की भेटेल तो विचारतो, कधी आलीस. दिवसभर तेवढंच उत्तर देत बसायचं, डोकं उठतं नुसतं.

तिने फोन तोंडाजवळ घेतला. मग हळूच म्हणाली, "उसको बोलो, मेरे को भी पूछे."

मी पारूला हाक मारून अंगणात घेतलं. पारूने पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले, फोनमध्ये तोंड घालून तो चेहरा नीट न्याहाळला आणि कुणी ओळखीचीच असावी तसं मोठ्या आवाजात विचारलं, "कवा आयलीस गो बाय?"

तबूकच्या त्याच खालच्या मजल्यावर, एक वर्षाच्या इकाम्यावर बसलेल्या उम्म सामीने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि अगदी घरच्या माणसाला सांगावं तसं तिला सांगितलं, "अभी. अभी आया."